पाचवा तास

मधल्या सुट्टीनंतर दहावीच्या वर्गात
मुलींकडचे बाक रिकामे व्हायचे.
मी हजेरीपटात लाल टिंबं टाकत जायची
आणि फळ्यावर वर्तुळाची स्पर्शिका काढायची.
एकाच बिंदूत भेटते, म्हणायची, आणि निघून जाते.

"पोट दुखून राह्यलं, मॅडम."
"मायनं बलावलं."
तिसऱ्या दिवशी तेच पोट, तीच माय.
मला कळत नव्हतं असं नाही.
सकाळी आर्वीहून काळीपिवळीत बसण्याआधी
जो पेला मी भरून तसाच ठेवून द्यायची
त्याचंच हे गणित.
अकरा वर्षं साडेपाचपर्यंत तहान थोपवली.
मूतखडा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाला,
पाणी पीत जा, शिक्षिका आहात ना तुम्ही.

संडास होता.
म्हणजे भिंतीवर तेलरंगात 'मुली' लिहिलेलं होतं
आणि कुलूप होतं.
चावी भोयर सरांच्या खुर्चीमागे, खिळ्याला.
"पोट्टे घाण करतेत, मॅडम. तपासणीपुरता तरी चांगला राहू द्या."
ती मागायची म्हणजे चार पुरुषांच्या चहावरून हात न्यायचा.
लोणारे मॅडम मागायच्या. त्या पंचावन्नच्या,
शिवाय त्यांचा भाऊ संस्थेत.
मी एकदा मागितली
तर देशकर सरांनी बशी हळूच खाली ठेवली.
कोणी काही बोललं नाही.
ते न बोलणं
मी घरापर्यंत सोबत नेलं.

त्याच महिन्यात अनुदानाचा टप्पा वाढणार अशी बातमी होती.
नाही वाढला.
हे मध्येच का सांगतेय? कारण साबणाची वडी
मी प्रयोगशाळेच्या खर्चात टाकली.
शनिवारी शेषराव घंटेकडे गेला तेवढ्यात
चावी ओल्या साबणात दाबली, एक बाजू, दुसरी बाजू,
पुसून परत खिळ्याला.
हात थरथरले, पण ठसा स्वच्छ आला.
सोमवारच्या बाजारात लाटणी विकणाऱ्याशेजारी
चाव्यावाला बसतो.
"कायची हाय, ताई?"
"कपाटाची."
तीस रुपये. घासाघीस केली नाही,
आयुष्यात पहिल्यांदाच.

मग वर्गात एक शब्द ठरला.
"मॅडम, डस्टर पायजे."
डस्टर टेबलावर सगळ्यांसमोर पडलेलं असायचं.
मुलगे चक्रावून बघायचे.
मी पर्स उघडायची.
बादली मुलींनीच आणली. कुठून, ते विचारलं नाही.

पाचव्या तासाची टिंबं कमी झाली.
स्पर्शिकेवर आता कोणीतरी हसायचं,
निघून जाते म्हटलं की मागून कांचन उईके म्हणायची,
"जाते कुठं पण, मॅडम?"
याचं उत्तर पुस्तकात नाही.
केंद्राच्या बैठकीत भोयर सरांनी
'आनंददायी दुपार' नावाचा उपक्रम सांगितला,
आकडेवारीसकट.
टाळ्या मीही वाजवल्या. मनापासून, थोड्या.

जूनमध्ये संच मान्यता आली.
पट घटला, मी अतिरिक्त.
अतिरिक्त हा शब्द मराठीच्या तासाला
वाक्यात उपयोग करा म्हणून कधी दिला जात नाही.
समायोजन दुसऱ्या तालुक्यात, दोन गाड्या बदलून.

कांचन दाखला न्यायला आली होती.
तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं,
पर्समधून चावी काढली,
म्हटलं, जपून ठेव, मागच्या पोरींना दे.
कांचननं ओढणीची गाठ सोडली.
आत तशीच एक. माझ्यापेक्षा चकचकीत.
"आमच्याजोळ तं कवाचीच हाय, मॅडम. तीन हायेत."
"मग मला कशाला मागायच्या गं?"
ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.
"तुमाले बरं वाटे म्हून."

चावी अजून माझ्याकडेच आहे.
नव्या शाळेत कुलूप नाही.
दारही नाही.
इथला बाजार बुधवारी असतो.
सुतार कुठं बसतो, ते विचारून ठेवलंय.